पोपट चावतो, ओरडतो... मग?

पोपट पाळणाऱ्यांचे प्रश्न दोनच असतात. "चावतो, काय करू?" आणि "ओरडतो, काय करू?" पिल्लू घरी आलं की पहिले पंधरा दिवस फोटो निघतात, नाव ठेवलं जातं (बहुतेकदा मिठूच), येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवलं जातं. मग एक दिवस बोटातून रक्त येतं, किंवा वरच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात, आणि हे प्रश्न सुरू होतात. मी मूळचा यवतमाळचा, नोकरीमुळे पुण्यात. त्यामुळे दोन्हीकडचं ऐकायला मिळतं. पुण्यात कॅन्टीनमध्ये "यार, मीटिंगच्या मध्येच सुरू होतो," आणि गावाकडे ओट्यावर "काऊन बे, एवढा कायले वरडतं हा?" भाषा वेगळी, पण सल्ले अगदी सारखे. पिंजऱ्यावर चादर टाक. तोंडावर पाणी मार. चोचीवर टिचकी मार, आपोआप सुधारतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शनिवारी सकाळी एवढं लांबलचक वाचायचा कंटाळा असणाऱ्यांची सोय. चावणं आणि ओरडणं हे पोपटाचं बोलणं आहे. "मिठू मिठू" ही नक्कल झाली, खरं बोलणं हे. पिंजऱ्यातच जन्मलेल्या विदेशी जातींच्या बाबतीत ते समजून घेतलं की त्रास बराच कमी होतो. पण आपल्याकडच्या हिरव्या पोपटाच्या बाबतीत त्या बोलण्याचा अर्थ फिरून फिरून एकाच जागी येतो, आणि तिथे ट्रेनिंग उपयोगाचं नाही. ज्यांच्या घरी तो आहे त्यांना हे आवडणार नाही, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

तुम्हाला राजुऱ्याचा पोपट आठवतो का? आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुरा. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका ऐंशी ओलांडलेल्या आजीबाईंनी पोलिसांत तक्रार दिली की, आपण घरासमोरून जायला लागलो की 'हरियल' नावाचा पोपट शिव्या देतो, आणि नात्यातल्याच माणसाने त्याला त्या शिकवल्या आहेत. पोलिसांनी सगळ्यांना ठाण्यात बोलावलं, पोपटासकट! तिथे पोपटाने एक अक्षर काढलं नाही. शेवटी त्याला वनविभागाकडे दिलं. ही बातमी जगभर फिरली, सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

पण हसून झाल्यावर त्यातल्या दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पोपटाला शिवी म्हणजे काय ते कळत नाही. त्याला एवढंच कळतं की अमुक आवाज काढला की माणसं उसळतात. कुणी हसतं, कुणी ओरडतं, काहीतरी घडतं. दिवसभर दीड फुटाच्या पिंजऱ्यात बसलेल्या पक्ष्याला 'काहीतरी घडणं' हेच बक्षीस असतं. दुसरी गोष्ट म्हणजे ठाण्यातली शांतता. अनोळखी जागा, खाकी कपड्यांतली अनोळखी माणसं, कॅमेरे. निसर्गात शिकार होणारा पक्षी घाबरला की बऱ्याचदा गप्प होतो. तो शहाणा झाला नव्हता, घाबरला असणार. आपण घरात चादर टाकून जी शांतता मिळवतो, तीही बऱ्याचदा हीच असते.

टिचकीवाला सल्ला किती जुना आहे माहीत आहे? रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की हा पक्षी हिंदुस्थानातून येतो, अंगाने हिरवा असतो, गळ्यात लाल पट्टा असतो, आणि बोलायला शिकवताना त्याच्या डोक्यावर लोखंडी कांबीने मारावं लागतं. म्हणजे आपल्या पोपटाबद्दलचा हा सल्ला दोन हजार वर्षं चालत आलाय, आणि आपण अजून पिंजऱ्याच्या गजावर चमचाच वाजवतोय!

आता आधी चावण्याबद्दल.

पोपटाची चोच म्हणजे त्याचा तिसरा हात. चढताना आधार, वस्तू पारखायला बोट, फळ सोलायला सुरी. लहान पिल्लू बोट चोचीत धरतं ते बहुतेक वेळा चावायला नाही, ही वस्तू काय आहे ते बघायला. जोर किती लावायचा हे ते भावंडांमध्ये शिकतं. भावंडाला जोरात चावलं की तेही उलटून चावतं, हिशोब लगेच कळतो. आपण एकटंच पिल्लू आणतो, तेही फार लवकर, त्यामुळे ही शाळा बुडते. मग ती आपल्याला घ्यावी लागते. त्यात मारणं नसतं. जोर वाढला की हात न झटकता, आवाज न करता पक्ष्याला शांतपणे खाली ठेवायचं आणि दहा-पंधरा सेकंद लक्ष द्यायचं नाही. बस्स. चोचीला काम हवंच असतं, म्हणून बोटाच्या ऐवजी कडुनिंबाची काडी, पुठ्ठा, मक्याचं किंवा ज्वारीचं कणीस द्यायचं.

खरा चावा वेगळा. तो अचानक येत नाही, आपल्याला अचानक वाटतो. त्याआधी पक्षी सांगत असतो. अंगाची पिसं एकदम घट्ट बसतात, मान ताठ होते किंवा अंग मागे झुकतं, डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहान-मोठ्या होतात, शेपटी पंख्यासारखी पसरते. याचा अर्थ "नको, लांब राहा." आपण हात पुढे नेतोच. तो पुन्हा सांगतो, आपण पुन्हा नेतो. मग तो चावतो आणि हात मागे जातो. पक्षी काय शिकला? हळू बोललं तर हा माणूस ऐकत नाही, चावलं की ऐकतो. पुढच्या वेळी तो आधीच्या पायऱ्या गाळून थेट चावतो. आमच्या धंद्यात वॉर्निंगा न वाचता 'ओके, ओके' दाबत गेलं की शेवटी सिस्टिम झोपते, तसाच प्रकार.

उपाय साधा आहे, पण वेळखाऊ. "नको" म्हटलं की थांबायचं. बोट त्याच्यापासून थोडं अंतरावर धरायचं आणि त्याने स्वतः पाऊल टाकायची वाट बघायची. टाकलं की लगेच आवडीचा एक दाणा. नाही टाकलं तर राहू द्यायचं. अमेरिकेतल्या आयरीन पेपरबर्ग यांचा ॲलेक्स हा आफ्रिकन ग्रे पोपट तुम्ही ऐकून असाल. १९७७ मध्ये तो त्यांच्याकडे आला आणि २००७ मध्ये गेला. रंग, आकार, संख्या ओळखायचा म्हणून त्याचं नाव झालं, पण मला त्याची दुसरीच गोष्ट मोठी वाटते. त्याला नकाराचा शब्द येत होता, कंटाळा आला की "परत जायचंय" असंही तो सांगायचा. ज्याला शब्दाने नाही म्हणता येतं आणि ज्याचं ऐकलं जातं, त्याला चोच कमी वापरावी लागते. आपल्या पोपटाला शब्द नसतील, पण मान, पिसं आणि डोळे आहेत. तेवढं वाचायचं.

काही चावे शरीरातून येतात. पिसं झडून नवीन येताना कोंब दुखरे असतात, तेव्हा कुरवाळणं नको वाटतं. वयात येताना (बजरीगर आणि कॉकटील साधारण वर्षाच्या आत-बाहेर, मोठ्या जाती दोन-तीन वर्षांनी) स्वभाव बदलतो, ते काही महिने धीराने काढायचे. पंख कापलेला पक्षी तर जास्तच चावू शकतो, कारण भीती वाटल्यावर उडून जायचा रस्ताच आपण बंद केलेला असतो. आणि हो, मिरचीचा काही संबंध नाही. "मिरच्या खाऊन तिखट झालाय" हे आमच्याकडे हमखास ऐकू येतं. पक्ष्यांना मिरचीची आग लागतच नाही. आपल्या मज्जातंतूंत जी जागा मिरचीने पेटते, ती पक्ष्यांमध्ये मिरचीला दाद देत नाही, हे २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी कोंबडीवर दाखवून दिलंय. म्हणून तो आपल्यासमोर अख्खी लवंगी मिटक्या मारत खातो. :)

आता ओरडणं. इथे दोन वेगळे आवाज आहेत.

पहिला आवाज म्हणजे थव्याची हाक. पोपट थव्याने राहतात. सकाळी निघताना, संध्याकाळी झाडावर परतताना कलकलाट करतात, आणि एखादा दिसेनासा झाला की "कुठे आहेस?" अशी हाक जाते, "इथे आहे" असं उत्तर येतं. तुम्ही ऑफिसला निघालात की मागून जी किंकाळी येते ती हीच. थव्यातला एक जण गेला, उत्तर देत नाही, म्हणजे घारीने नेलं की काय? ही हाक बंद करायची नसते, तिला उत्तर द्यायचं असतं. दुसऱ्या खोलीत असाल तर एक ठरावीक शीळ घाला. त्याने ओरडण्याऐवजी तशीच शीळ घातली की प्रत्येक वेळी न चुकता उत्तर द्या. काही आठवड्यांत बरेच पक्षी शिळेवर येतात. सकाळ-संध्याकाळची दहा-पंधरा मिनिटं मात्र राहणारच. ती सोसायची तयारी नसेल तर पोपट पाळू नये, मासे पाळावेत.

दुसरा आवाज आपणच शिकवलेला असतो. मीटिंग सुरू आहे, मिठू ओरडतो, तुम्ही माईक बंद करून त्याला काजू देता. तो गप्प. तुम्हाला वाटतं प्रश्न सुटला. त्याला कळतं, ओरडलं की काजू. काजू न देता "ए गप्प!" म्हणून ओरडलात तरी तेच, त्याच्या लेखी तुम्ही कोरसमध्ये सामील झालात. सगळ्यात वाईट म्हणजे नऊ वेळा दुर्लक्ष आणि दहाव्या वेळी काजू. फर्स्टर आणि स्किनर या दोघांनी कबुतरांवर केलेले प्रयोग १९५७ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यात हेच दिसतं की कधी मिळेल सांगता येत नाही असं बक्षीस सवय सर्वांत घट्ट करतं. लॉटरीवाल्याचं दुकान त्यावरच चालतं. म्हणून दुर्लक्ष करायचं तर घरातल्या सगळ्यांनी, आजीसकट, करायचं. आणि आधी आठवडाभर ओरडणं वाढेल हे धरून चालायचं. बरेच लोक नेमके तिथेच हरतात. नुसतं दुर्लक्षही पुरत नाही. तो गप्प बसून काही कुरतडत असतो, तेव्हा जाऊन बोलायचं, दाणा द्यायचा. आपण नेमकं उलटं करतो, शांत असला की "बरं झालं" म्हणून लॅपटॉपमध्ये डोकं घालतो.

हे सगळं करण्याआधी साध्या गोष्टी तपासा. नुकतं दाण्यावर आलेलं पिल्लू सतत ओरडत असेल तर ते उपाशी असू शकतं, भरवणं लवकर तोडलेलं असू शकतं. झोप दहा-बारा तास हवी. रात्री बारापर्यंत टीव्हीसमोर बसवलेला पक्षी सकाळी चिडका असेलच. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्याला 'अ' जीवनसत्त्व पुरत नाही, तेव्हा गाजर, पालक, शेवग्याचा पाला रोज द्यावा. आणि शांत पक्षी एकाएकी चावरा झाला किंवा बोलका पक्षी गप्प झाला तर थेट डॉक्टर. पुण्यात पक्ष्यांचे डॉक्टर मिळतात. आमच्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात बैल, गाई आणि शेळ्यांची रांग असते, पक्ष्यासाठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत दीडशे किलोमीटर जावं लागतं. पक्षी आणायच्या आधीच विचार करायची ही गोष्ट आहे.

इथपर्यंतचं सगळं बजरीगर (ज्याला आपण चुकून 'लव्हबर्ड' म्हणतो), खरे लव्हबर्ड, कॉकटील, कोन्यूर यांच्यासाठी. त्यातही सन कोन्यूर, आफ्रिकन ग्रे अशा जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. २०२४ मध्ये केंद्राने काढलेल्या नियमांनुसार त्या परिवेश पोर्टलवर नोंदवाव्या लागतात. बजरीगर आणि कॉकटील त्या यादीत नाहीत.

आता मिठूकडे येऊ. हिरवा, लाल चोचीचा, नराच्या गळ्यात गुलाबी-काळा कंठ. किंवा त्याचा मोठा भाऊ, खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी पोपट.

आमच्या जिल्ह्यात उन्हाळा लागायच्या सुमारास झाडांच्या ढोलीत यांची पिल्लं असतात. दीड-पावणेदोन महिन्यांनी ती बाहेर पडतात, त्यानंतरही काही दिवस आईबाप भरवतात. विकलं जाणारं पिल्लू या आधीच ढोलीतून काढलेलं असतं, अंगावर पूर्ण पिसं नसताना. कधी ढोली मोठी करायला फांदीच तोडतात, म्हणजे पुढच्या वर्षीचं घरही गेलं. मग खोक्यातून, पिशवीतून प्रवास. त्यातली काही वाटेतच मरतात. जे जगतं ते तुमच्या घरी येऊन चावतं, ओरडतं, आणि आपण म्हणतो "हा जरा वांडच निघाला."

त्याच्या चावण्याचा अर्थ लावून बघा. माणूस म्हणजे ढोलीत आलेला हात. त्याच्या ओरडण्याचा अर्थ लावून बघा. तो थव्याला हाक मारतोय, आणि खिडकीबाहेरून थवा जातोय, उत्तर देतोय! बजरीगरच्या कितीएक पिढ्या पिंजऱ्यात गेल्यात, निदान तो मुद्दा मांडता येतो. मिठूचा थवा पलीकडच्या शेतात आहे. त्याला शीळ शिकवून आपण कसला प्रश्न सोडवणार?

कायद्याचं म्हणाल तर त्यात गोंधळ काहीच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. देशी पोपट पकडायला आणि विकायला १९९०-९१ पासून पूर्ण बंदी आहे. पाळणंही गुन्हाच, तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुकानदार "घरचंच ब्रीडिंग आहे साहेब" म्हणतो, त्याने काही फरक पडत नाही. टिपेश्वरच्या वाघाला आणि तुमच्या गॅलरीतल्या मिठूला संरक्षण देणारा कायदा एकच आहे. २ नोव्हेंबर २०१८ ला आमच्या भागात टी-१ वाघीण, म्हणजे अवनी, मारली गेली. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता, गावागावांत भीती होती, प्रश्न खरोखर अवघड होता. तरी शहरांतून केवढा संताप उसळला! पोपटाचा प्रश्न त्या मानाने किती सोपा आहे. कुणाचा जीव जात नाही, फक्त आपण विकत घेणं थांबवायचंय. पण त्यावर कुणी मेणबत्ती लावत नाही, कारण पिंजरा आपल्याच घरात असतो.

"अहो, पण शेतकरी तर पोपटांना हाकलतातच ना?" हो, हाकलतात. ज्वारीत, मक्यात, पेरूच्या बागेत थवा उतरला की नुकसान होतंच, आणि गोफण फिरवणाऱ्या माणसाला मी इथून उपदेश करणार नाही. पण तो पक्ष्याला शेताबाहेर काढतो. आपण त्याला आयुष्याबाहेर काढतो. पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो हा पक्षी.

"आमच्याकडे दहा वर्षांपासून आहे, घरच्यासारखा आहे." हा मुद्दा मला पटतो. लळा खोटा नसतो, कुणाच्या आजीची दुपार त्याच्यावर जाते. म्हणूनच सांगतो, एका भावनेच्या भरात गॅलरीत नेऊन पिंजऱ्याचं दार उघडू नका. हाताने वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही, पंखांत ताकद नसते, मांजराची आणि कुत्र्याची भीती नसते. तो दोन दिवसही टिकणार नाही. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. अशा पक्ष्यांना मोठ्या जाळीत इतरांबरोबर ठेवून, पिसं वाढू देऊन, उडायची सवय करून मगच सोडायचं असतं. काही पक्षी सोडण्यालायक राहिलेलेच नसतात. पण ते तिथल्या माणसांना ठरवू द्या.

आणि नवीन घ्यायचा विचार असेल, पोराने हट्ट धरला असेल, तर त्याला संध्याकाळी गावाबाहेरच्या एखाद्या मोठ्या पिंपळाखाली किंवा चिंचेखाली घेऊन जा. साडेपाच-सहाला थवे परतायला लागतात आणि अर्धा तास असा कल्ला करतात की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे वरच्या मजल्यावरचे काका नाहीत, मीटिंग नाही. अंधार पडला की सगळे आपापले गप्प होतात. चादर टाकावी लागत नाही.